शेवटची जागा

रजिस्ट्री एडिटर उघडला आणि मनवाचा हात माऊसवरच थांबला. कॉम्प्युटरच्या अगदी पोटातल्या सेटिंग्ज ज्यातून बदलतात, त्या या एडिटरला एक खोड आहे. मागच्या वेळी बंद करताना माणूस जिथं होता, पुढच्या वेळी तो नेमका तिथंच नेऊन उभा करतो. आज तो उघडला होता माऊसच्या सेटिंग्जवर. या कॉम्प्युटरवर याआधी तो उघडणारा एकच जण होता, तिचा मोठा भाऊ यशोधन. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"झालं का गं, मनू?" मागून वडिलांनी, अप्पांनी, विचारलं.

अप्पांच्या बोटानं कॅप्स लॉक नकळत दाबला जाई आणि सोसायटीची इंग्रजी नोटीस सगळी मोठ्या अक्षरांत निघे. जिन्यात चपला ठेवू नयेत, एवढंच सांगायचं असलं तरी अप्पा ओरडताहेत असं बिऱ्हाडकरूंना वाटे. ते बटणच कायमचं बंद करायला मनवा रविवारची गिरगावात आली होती.

"थांबा हो अप्पा. बघतेय."

डबल क्लिकच्या दोन क्लिकांमध्ये किती वेळ गेला तरी चालेल, त्याचा आकडा समोर होता. नेहमीची पट्टी शेवटपर्यंत सरकवून जेवढा वाढतो, त्याच्याही कितीतरी पुढे नेलेला. एवढा आकडा इथं आत शिरून हातानंच लिहावा लागतो.

"अप्पा, झटका आल्यावर तुम्हाला डबल क्लिक जमत नव्हतं ना?"

"कुठलं जमतंय? दुसरा क्लिक पडेपर्यंत सगळं मुसळ केरात. यशो म्हणाला, सराव सोडू नका, एक दिवस जमेल. आणि एका सकाळी बसलो तर जमलं की! दाखवू?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कोपऱ्यातल्या फाईलवर बाण नेला. एक क्लिक पडला. बोट वर उचललं गेलं, थरथरलं, सावकाश खाली आलं. फाईल उघडली.

"डॉक्टर म्हणाले होते, हात आता एवढाच चालणार. त्यांना म्हणावं, येऊन बघा."

हात होता तसाच होता. यशोधननं कॉम्प्युटरलाच अप्पांसाठी थांबायला शिकवलं होतं, आणि कौतुक सगळं अप्पांना देऊन तो मोकळा झाला होता. मनवा थक्क झाली. यशोधनला यातलं ओ की ठो कळत नसे. प्रिंटर अडला तरी तो तिला लोअर परळच्या ऑफिसात फोन करायचा आणि ती वैतागायची. हे मात्र त्यानं तिला विचारलं नव्हतं.

एडिटरच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन तिनं कॅप्स लॉकचं काम उरकलं. आता एडिटर बंद केला की तो ही नवी जागा धरणार, आणि यशोधनची पुसली जाणार. तिनं तो उघडाच ठेवला.

ऑफिसात तर प्रत्येक मशीनवर ही खोड मोडायची हा तिचा नियमच होता, नाहीतर नवा माणूस भलत्याच ठिकाणी काहीतरी बदलून ठेवतो. शेवटची जागा जिथं लिहिलेली असते त्या कप्प्यात जायचं, ती ओळ पुसायची, मग तिथं नवं काही लिहिण्याची परवानगी काढून घ्यायची. ती त्या कप्प्यात गेली. ओळ अजून यशोधनचीच होती. नवी जागा एडिटर बंद होतानाच लिहिली जाते.

ओळ तिनं पुसली नाही. फक्त परवानगी काढून घेतली.

मग जीव मुठीत धरून तिनं एडिटर बंद केला आणि पुन्हा उघडला. तो मुकाट्यानं माऊसच्या सेटिंग्जवर जाऊन थांबला. भलत्याच कप्प्यात जाऊन तिनं तो बंद केला, परत उघडला. पुन्हा तिथंच. तिचे डोळे भरून आले.

"एवढी काय उघडझाप चाललीय?" अप्पा म्हणाले. "बिघडलं का काही?"

"नाही अप्पा. याला शेवटची जागा लक्षात ठेवायची सवय होती. ती बंद केली."

"म्हणजे आता सगळं विसरणार?"

"नाही," मनवा म्हणाली. "आता यापुढचं काही लक्षात ठेवणार नाही."