आईच्या तिथीचं पुस्तक

"रेवे, पापडाचा डबा काढायला चढलीस की वाचायला?" खालून आई ओरडली. माळ्यावर सापडलेला जुना दिवाळी अंक रेवाला सोडवत नव्हता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सुरे घेतलेली दोन माणसं आत शिरली. "घरात आणखी कोण आहे?"

"कोणी नाही," म्हणत आईनं माळ्याखालचं स्टूल पायानं हळूच बाजूला सारलं. पुढचं सगळं रेवानं तोंडावर हात दाबून ऐकलं. आईचा जीव गेला, पण तिनं लेकीला एकदाही हाक मारली नाही.

संध्याकाळी वडिलांनी तिला पोटाशी धरून विचारलं, "तू कुठे होतीस गं?" तिच्या तोंडून निघून गेलं, "वाचनालयात."

तेव्हापासून दर वर्षी आईच्या तिथीला वडील वाचनालयाला एक पुस्तक देत. आज अकराव्या वर्षीही त्यांनी ग्रंथपालांपुढे हात जोडले. "तुमच्या वाचनालयानं माझी पोर राखली हो."

दर वर्षी शेजारी मान खाली घालून उभी राहणारी रेवा आज बोलली.

"अण्णा, त्या दिवशी मी इथे नव्हतेच. मी माळ्यावर होते. आईनं मला लपवलं, आणि मी लपून राहिले."