शेवटचे आठ कार्यक्रम

“तीन आठवडे त्याने तोंडातून शब्द काढायचा नाही,” डॉक्टर हातमोजे उतरवत म्हणाले. “एवढं पाळलं तर आवाज पहिल्यासारखा होईल. पण आज गायला, तर स्वरतंतू फाटणार. मग शस्त्रक्रिया करूनही उपयोग नाही. गाणं संपलं म्हणून समजा.”

ताई खुर्चीची पाठ धरून उभी होती. ती गायकाची थोरली बहीण, आणि त्याचा सगळा कारभारही तिच्याकडेच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तेव्हापासून त्याचं खाणंपिणं, दुखणंखुपणं, करारमदार सगळं तिनेच पाहिलं होतं.

“त्याला सांगितलंत?”

“अजून नाही. लेखी देऊ का?”

“आत्ता नको. हबकून जाईल तो. मीच सांगते, माझ्या पद्धतीने.”

डॉक्टरांनी मान हलवली. घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं बरं, असं त्यांनाही वाटलं असावं.

मैदानावर ध्वनिक्षेपकांची चाचणी चालू होती. प्रेक्षकांच्या गॅलरीखालच्या बोळात भिंती हादरत होत्या. ताई हिशेबनिसाच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं.

“समज, तीन आठवडे थांबलो तर?”

हिशेबनिसाने चष्मा कपाळावर सरकवला. साठ हजार तिकिटं म्हणजे पैशांचा पाऊस, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पाऊस पडतो खरा, पण आधी दुसऱ्यांच्या अंगणात. चाळीस ट्रक, दोनशे माणसं, आणि रंगमंचही एक नाही, दोन. कारण एकावर गाणं चालू असतं तेव्हा दुसरा पुढच्या शहरात उभा राहत असतो. दौऱ्याचे पहिले बावीस कार्यक्रम नुसता खर्च भरून काढण्यात गेले होते. कमाई होती ती शेवटच्या आठांत. आजचा त्यांतला पहिला.

“बुडालो,” तो म्हणाला. “मैदानांची आगाऊ रक्कम परत मिळत नाही. ट्रक उभे राहिले तरी भाडं चालूच. आणि तीन आठवड्यांनी मैदानं रिकामी कुठे आहेत? सामने सुरू होतात. तुमचं घर जाईल ताई, त्याचंही जाईल.”

“विमा?”

“तो तुम्हीच स्वस्तातला घ्यायला लावलात. चार पैसे वाचतात म्हणून. साधं आजारपण त्यात धरत नाहीत. आवाज कायमचा गेला, तरच आठही कार्यक्रमांचे पुरते पैसे.” बोलून झाल्यावर त्याने जीभ चावली.

“असलं अभद्र बोलू नकोस,” ताई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. “भाऊ मला एकच आहे.”

“चुकलं माझं. मग रद्द म्हणून कळवू?”

“थांब. आधी त्याच्याशी बोलू दे.”

बोळ संपेपर्यंत ती दोनदा थांबली. एकदा भिंतीला टेकून डोळे पुसले. त्याच्या दाराशी आल्यावर मात्र चेहरा सरळ केला.

कार्यक्रमाच्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत बोलत नसे, पाटीवर लिहायचा. हा नियमही ताईनेच घालून दिलेला. आत्ता तो गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळून बसला होता. डोळे तेवढे भिरभिरत होते. पोरगं घाबरलं की असंच बघायचं. तिने पाण्याचा थेंब मनगटावर टाकून पाहिला, कोमट आहे अशी खात्री केली आणि पेला त्याच्या हातात दिला.

त्याने दोन घोट घेतले. मग पाटी ओढून लिहिलं : ‘डॉक्टर काय म्हणाले? तू म्हणशील तर आज गात नाही.’

ताईने ते वाचलं. तळहाताने पाटी स्वच्छ पुसली, त्याच्या शेजारी बसली आणि कपाळावरचे केस मागे सारले.

“काही नाही रे राजा, जराशी सूज आहे,” ती म्हणाली. “आज अगदी मोकळ्या गळ्याने गा.”