संघाबाहेरची पिंपं

शेजारचा ओव्हीद आता काही जगत नाही असं कळलं, तेव्हा लेआंद्रने मेपलचा रस आटवायची भट्टी विझू दिली, यंदाच्या पहिल्या पाकाची बाटली कोटाच्या खिशात घातली आणि बायकोला, रोलांदला, म्हणाला, “चल, त्याला माफ करून येऊ.”

रोलांदने गाडीची किल्ली घेतली.

दोघांची मेपलची राई एकाच टेकडीवर, मध्ये नुसतं तारेचं कुंपण. झाडांतून रस वाहू लागला की दोघं एकमेकांच्या रसाच्या फुटलेल्या नळ्या जोडायचे, एकाच भांड्यातलं वाटाण्याचं सूप प्यायचे. मग एका वर्षी पाक उदंड झाला आणि मागणी होती तेवढीच राहिली. पाक करणाऱ्यांच्या संघाने प्रत्येकाचा विक्रीचा कोटा ठरवून दिला. त्यावरची पिंपं संघाच्या गोदामात ठेवायची, विकली जातील तेव्हा पैसे. लेआंद्रला तेवढा दम नव्हता. त्याने सीमेपलीकडच्या व्यापाऱ्याशी परस्पर सौदा केला.

रोलांदने परोपरीने समजावलं. संघ नव्हता तेव्हा व्यापारी देईल तो भाव घेता घेता तिच्या बापाला शेवटी झाडंच विकावी लागली होती. जो तो असा फुटला तर पुन्हा तेच दिवस येतील. लेआंद्रने ऐकलं नाही. पिंपं ट्रकवर चढत असतानाच संघाचा तपासनीस दारात उभा राहिला. दंडापायी निम्मी राई गेली.

सौद्याची कुणकुण घराबाहेर फक्त ओव्हीदला होती. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्या गावासमोर लेआंद्रने त्याला चुगलखोर म्हटलं. ओव्हीदने टोपी डोक्यावर चढवली आणि तो निघून गेला. नंतर गावानेही त्याच्या भट्टीकडे पाठ फिरवली.

आता तो उशांना टेकून बसला होता, वाळून काडी झालेला. लेआंद्रने त्याला चमच्याने पाक भरवला.

“अजून जळकाच करतोस, लेका,” ओव्हीद म्हणाला.

लेआंद्रला हसू आलं. त्याने चमचा खाली ठेवला. “झालं ते झालं. मी माफ केलं तुला.”

ओव्हीदने दारात उभ्या रोलांदकडे पाहिलं. “बरं वाटलं,” तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

परतताना लेआंद्र एकटाच बोलत होता. एवढा अबोला धरायला नको होता, माणूस वाईट नव्हता, हे फार आधी करायला हवं होतं.

रोलांदने गाडी कडेला घेतली.

“संघाला फोन मी केला होता,” ती म्हणाली. “ओव्हीदच्या घरून. तो नको नको म्हणत होता.”