बहात्तर सालचा पहिला नंबर

नव्या साहेबांच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं प्रमाणपत्र वाचलं आणि रूपरावच्या हातातली फाईल घसरली. विद्यापीठ क्रीडास्पर्धा, १९७२. आठशे मीटर धावणे. द्वितीय क्रमांक.

त्या शर्यतीत पहिला नंबर रूपरावचा होता. निदान कागदावर तरी.

धावला होता पुनाजी, त्यांच्या शेतावरचा सालदार. नाव कॉलेजातल्या पोराचं आणि पाय दुसऱ्याचे, असं तेव्हा सर्रास चालायचं. पुनाजीला एक धोतरजोडी मिळाली. रूपरावला खेळाडूंच्या राखीव जागेवर पुलगावात सरकारी नोकरी लागली. त्याला दहा वर्षं झाली. कोणी 'धावून दाखवा' म्हणेल या धाकानं तो बस पकडायलाही कधी पळाला नाही. पुनाजीची आठवण आली की लाज वाटायची. पण लाजेनं घर चालत नाही.

आता मात्र गाठ पडली होती. दुसरा आलेला माणूस पहिल्याचा चेहरा विसरतो का कुठं?

त्यात हेडक्लार्क अण्णाजींनी दुसऱ्याच दिवशी भर ऑफिसात सांगून टाकलं, "साहेब, तुमच्या शर्यतीतला पैला नंबर तर आपल्या रूपरावचाच हाये!"

साहेबांनी रूपरावकडे बराच वेळ पाहिलं. हसले नाहीत. संध्याकाळपर्यंत भिंतीवरचं प्रमाणपत्र गायब झालं होतं. चौकशीला पाठवलं असणार, असं रूपरावनं ताडलं. त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना.

रविवारी साहेब थेट घरी आले. रूपरावची बायको लीलाबाई हरखली. तिनं कौतुकानं कॉलेजची पेटी पुढं ओढली. ब्लेझर, पदक, खिळ्यांचे बूट, सगळं मांडलं. साहेबांनी कशालाच हात लावला नाही.

"बक्षीस घेतानाचा फोटो असेल ना?" त्यांनी विचारलं.

"हरवला, साहेब," रूपराव म्हणाला.

"काऊन खोटं बोलता?" लीलाबाई हसली. "पेटीच्या तळाले हाये, साहेब. दोरीनं बांधून ठेवला यायनं. मले बी हात लावू देत नाईत."

"त्याची दुसरी प्रत कोणाकडे आहे का?"

"नाई," रूपराव म्हणाला.

"मग दाखवा."

लीलाबाई चहा ठेवायला आत गेली. रूपराव पेटीवर दोन्ही हात दाबून बसला. समोर साहेब, आत बायको. दोन पोरी शिकत होत्या, म्हातारी आई खाटेवर होती, आणि सगळ्यांच्या तोंडचा घास त्या एका फोटोवर होता.

"साहेब, नोकरी घेऊ नका," तो हात जोडून म्हणाला. "फोटोत मी नाई. आमचा सालदार हाये, पुनाजी. माह्या नावानं तोच धावला होता."

साहेब उठले. त्यांनी आतलं दार लोटलं आणि येऊन त्याच्यासमोर खाली जमिनीवरच बसले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

"रूपराव, आठ दिवसांपासून मले भेव वाटून राह्यलं होतं, का तुम्ही मले उघडं पाडता," ते अगदी हळू म्हणाले. "फोटोत दुसऱ्या नंबरवर उभा हाये ना, तो आमचा गुराखी व्हय."