हलवून बघितलेला नारळ

“आमका कायएक नको. देवळात लगीन करूया. नारळ आणि चेडू द्या!” मुलाची आई म्हणाली. मुलीच्या बापाच्या मनात पाल चुकचुकली. ना हॉल, ना बँड? मुलातच खोट असणार! मुलाच्या आईनं बोलणीला आणलेला नारळ त्यानं कानाशी धरून हलवला. “तसा नको. लगीन मालवणच्या हॉलात होतला. बँड, ड्रोन, सगळो खर्च माझो!” तिच्या भुवया उंचावल्या. कुठला बाप आपणहून खर्च अंगावर घेतो? मुलीतच काहीतरी असणार! तिनंही तोच नारळ हलवून बघितला. दाराआडून ऐकणारी नवरी मुलगी संचिता तरातरा बाहेर आली. तिनं नारळ पायरीवर फोडला आणि एक कवड बापाला, दुसरी होणाऱ्या सासूला दिली. “खोबरा बरा आसा, बघून घेवा! लगीन देवळातच. खर्च अर्धो अर्धो.” दोघंही समोरच्याची कवड मोठी तर नाही ना, हे चोरून बघू लागली.