छत्तीस की त्रेसष्ट?
दृष्टी गेल्यापासून बाबा अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या आमच्या घरात गप्पच बसत. "मला नागपूरला पाठव," एवढंच म्हणत. तरुणपणी जर्मनीत नोकरी केल्यापासून त्यांचा तिथल्या एका फुटबॉल क्लबवर जीव. म्हणून माझी लेक आन्या फोनवर बघून त्याचे विक्रम मराठीत वाचून दाखवू लागली. "आजोबा, एका प्लेअरचे एका सीझनमध्ये त्रेसष्ट गोल!" बाबा खुर्चीतून उठलेच. "शक्यच नाही! आकडा कसा लिहिलाय?" "थ्री, सिक्स." "अगं वेडे, ते छत्तीस! आधी सहा, मग तीस. जर्मनही असंच म्हणतात." आणि कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. आठवडाभरात आन्याचे आकडे पक्के झाले. तरी काल तिने ठणकावलं, "एका सीझनमध्ये बहात्तर मॅचेस जिंकल्या!" मी फोनमध्ये डोकावले; सत्तावीस होत्या. बाबा म्हणाले, "मुद्दाम चुकतेस ना?" ती हसली. तसे बाबा म्हणाले, "चुकत जा. नागपूरचं मग बघू."