अकरावीचं पुस्तक

"अकरावीचं पण विचारणार आहेत," चारुलताने सांगून टाकलं. "मामांची धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात ओळख आहे. त्यांनाच कळलंय. कुणाला बोलू नकोस."

यमुनाने हातातलं बारावीचं पुस्तक मिटलं. परीक्षा जेमतेम महिन्यावर आली होती. "बठ्ठं?" तिने विचारलं. घाबरली, की तिच्या तोंडून सोनगीरची बोली निघे.

"सगळं," चारुलता म्हणाली, आणि पाणी प्यायला उठली.

मामा खरे होते. ओळख खोटी होती.

जळगावात कुंदाबाईंच्या माडीवरच्या खोलीत दोघी अकरावीपासून एकत्र राहत होत्या. चारुलता सावद्याच्या केळीवाल्यांची, यमुना सोनगीरच्या कोरडवाहू शेतकऱ्याची. चारुलताला वाचलेलं पान जसंच्या तसं आठवे. अक्षर मोत्यासारखं. तिने काढलेली हृदयाची आकृती सर वर्गात फिरवत. यमुनाचा हात मात्र सावकाश चाले, आणि दर पेपरात तिचा शेवटचा प्रश्न राहून जाई. तोवर डॉक्टरकीला बारावीचे मार्क चालत. त्यामुळे सावद्यात चारुलताला कधीपासूनच 'डॉक्टरीणबाई' म्हणू लागले होते.

नव्याण्णव साली ते बदललं. बारावी नुसती पास व्हायची आणि प्रवेशासाठी निराळी परीक्षा द्यायची. तिथे उत्तर लिहायचं नाही, आकृती काढायची नाही. चारातला एक पर्याय निवडायचा आणि गोल काळा करायचा.

क्लासच्या सरांनी पहिली सराव चाचणी घेतली. यमुनाला चार मार्क जास्त पडले. चारुलताने हसून तिचं अभिनंदन केलं. दुसऱ्या चाचणीतही यमुनाच पुढे. त्या दिवशी जेवण वाढताना कुंदाबाई सहज म्हणाल्या, "आता आपल्या यमुनेचा नंबर लागतो बघा." चारुलताचा घास तोंडातच फिरत राहिला.

मग तिला यमुनाचं काहीच सोसेना. तिचं पान उलटणं, पेन्सिलीला टोक करणं, वाचता वाचता स्वतःशीच मान हलवणं. गोल तर शेंबडं पोरही काळे करील, असं ती मनाशी म्हणे. एकदा यमुनाला ताप आला. चारुलताने तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, आणि ठेवता ठेवता तिच्या मनात आलं, अजून थोडे दिवस राहिला तर बरं. आपल्या मनात हे आलं म्हणून ती दचकली. पण ते मनातून गेलं नाही.

ताप उतरला. त्यानंतरच तिने मामांची गोष्ट रचली.

अकरावी त्या काळी कुणी मनावर घेत नसे. यमुनाने दोन दिवसांनी कुठून तरी जुनी पुस्तकं मिळवली आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. चारुलता भिंतीकडे तोंड करून बारावी घोकत राहिली. बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

परीक्षेला दोघी एकाच रिक्षाने गेल्या. पेपर हाती आला, तेव्हा चारुलताने आपली पाठ वाक्यं शोधली. ती कुठेच नव्हती. प्रश्न बारावीचेच होते, पण वाट अकरावीतून जात होती. रसायनात ग्रॅमचे मोल करता आल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नव्हतं. भौतिकशास्त्रात सूत्र आठवे, पण ते कुठे लावायचं ते कळेना. घंटा झाली तेव्हा बऱ्याच प्रश्नांचे चारही गोल पांढरे होते, आणि काळे केलेल्यांचाही भरवसा नव्हता.

निकाल लागला. यमुनाला धुळ्याला जागा मिळाली. चारुलताचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही.

यमुना सामान न्यायला आली, तेव्हा तिची आई भिकुबाई सोबत होती. भिकुबाईंनी चारुलताच्या हातावर पेढा ठेवला, तिच्या गालावरून बोटं फिरवली. "तू अकरावीनं सांगं म्हणून जमनं, बेटा. बठ्ठं तुन्हामुळे शे." मग वळकटी उचलून त्या रिक्षा बघायला खाली गेल्या.

चारुलताच्या हातात पेढा तसाच राहिला. ती खाली बघत म्हणाली, "यमुना, तुला एक सांगायचंय."

"नको सांगू. मला माहीत आहे." यमुना ट्रंकेची कडी लावत होती. "मी दुसऱ्याच दिवशी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, अकरावीचं काही येणार नाही, कुणीतरी पुडी सोडली असेल."

चारुलताने मान वर केली. "मग तरी महिनाभर तेच वाचत बसलीस?"

यमुना ट्रंकेवरच बसली.

"त्या दोन चाचण्यांत मार्क पडले ते अंदाजपंचे, गं. बारावीचं कुठलंही पान उघडलं, की वाटायचं, हे चारूला पाठ आहे. डोळ्यांपुढे तुझं अक्षर यायचं, तुझी आकृती यायची, आणि माझं डोकं बंद पडायचं. दोन वर्षं तुझ्यावर जळत काढली मी." खालून भिकुबाईंनी हाक मारली. यमुनाने उठून ट्रंक उचलली. "अकरावीच्या पुस्तकात तू नव्हतीस."